जठराचा 'पुअरली डिफरन्शिएटेड' कॅन्सर: रिपोर्टातल्या मार्करांवरून पुढचं किती सांगता येतं?

बिंदुसरा:
मंडळी, जठराच्या कॅन्सरचा आयएचसी (तुकड्यातली प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक संभाजीनगर-मुंबई गाठायच्या आधी तो गावातल्या फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर पसरतात. बीड, परळी, माजलगाव, सगळीकडं तेच. प्रश्नही ठरलेला: "डॉक्टर, ह्यात किती दिवसाचं लिहिलंय?"

नमुन्याला असा रिपोर्ट धरा. अँट्रममधला, म्हणजे जठराच्या खालच्या भागातला तुकडा, पुअरली डिफरन्शिएटेड (मूळ पेशींशी साम्य फारसं न उरलेला) अ‍ॅडेनोकार्सिनोमा म्हणजे ग्रंथीपेशींचा कॅन्सर, सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या) पेशी अंदाजे ४० टक्के. हर-२ (पेशीच्या पडद्यावरचं वाढीचं प्रथिन): १+. एमएमआरची, म्हणजे डीएनए दुरुस्तीची, चारही प्रथिनं शाबूत. पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन) सीपीएस, म्हणजे त्याचा गुणांक, ४. पी५३ (गाठ रोखणारं प्रथिन) म्युटंट पॅटर्न. केआय-६७ (वाढत असलेल्या पेशींचं प्रमाण) ७० टक्के.

यातली कोणती ओळ आजाराचा पुढचा प्रवास सांगते आणि कोणती फक्त औषध ठरवायला आहे? माझ्या मते केआय-६७ ७० म्हणजे वाईट, पी५३ म्युटंट म्हणजे त्याहून वाईट. चुकत असेन तर खोडा.

गुलाबी_ईओसिन:
खोडते.

तुमच्या रिपोर्टात केआय-६७ आणि पी५३ या सगळ्यात निरुपयोगी ओळी आहेत. खराब डिफरन्शिएशनच्या गाठीत पेशी भराभर वाढतात हे साध्या एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या) स्लाइडवरच दिसतं, ७० आकड्यानं त्यात नवीन काही कळत नाही. जठराच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात केआय-६७ वरून एकही उपचार बदलत नाही. गाठ न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची) असल्याची शंका असेल तर मात्र तो आकडा लागतोच, आणि त्यासोबत सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन हे त्या पेशींचे मार्करही लागतात.

पी५३ मध्ये आणखी एक मेख आहे. म्युटंट पॅटर्न मुख्यतः दोन तऱ्हेचा. एकात जवळजवळ सगळ्या केंद्रकांना गडद रंग येतो. दुसऱ्यात एकाही पेशीला रंग येत नाही. हा दुसरा 'नल' पॅटर्न कुणी 'पी५३ निगेटिव्ह' असा लिहिला की वाचणाऱ्याला वाटतं, बरं झालं. अर्थ बरोबर उलटा.

हुरडापार्टी:
म्हणजे निगेटिव्ह असलं तरी पॉझिटिव्ह. आमच्याकडच्या लग्नाच्या बोलणीसारखं.

शल्यक:
मुळात प्रश्नाचा क्रम उलटा आहे, डॉक्टर. रोगाचा पुढचा अंदाज पहिल्यांदा स्टेज सांगते, मार्कर नंतर. गाठ भिंतीत किती खोल गेली, किती नोडमध्ये (लसीकाग्रंथींत) पोचली, पेरिटोनियमवर (पोटाच्या आतल्या अस्तरावर) दाणे आहेत का. १ ते २ नोड म्हणजे एन१, ३ ते ६ एन२, ७ ते १५ एन३ए, १६ किंवा जास्त एन३बी. ही मोजणी खरी धरायची तर किमान १६ नोड तपासलेले असावे लागतात. रिपोर्टात "९ पैकी ० नोड" असेल तर ते एन० म्हणून छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण ९ च शोधले.

आणि तुमच्या नमुन्यात ४० टक्के सिग्नेट रिंग आहे. हा प्रकार सीटी स्कॅनला फसवतो. पेशी सुट्यासुट्या पसरतात, गोळा होत नाही, पेट स्कॅनवरही पुष्कळदा चमकत नाहीत. टी३-टी४, म्हणजे भिंतीत खोल गेलेली, वाटत असेल तर केमोच्या आधी दुर्बीण घालून पोट बघायचं, सलाइननं धुऊन ते पाणी सायटॉलॉजीला (सुट्या पेशी बघायला) द्यायचं. त्या पाण्यात पेशी सापडल्या तर डोळ्यांना एकही दाणा दिसला नसला तरी तो एम१, म्हणजे पसरलेला रोग, आहे. त्या एका बाटलीनं अंदाज जेवढा बदलतो तेवढा पी५३ नं सात जन्मांत बदलणार नाही.

जेआर_दोन:
सर, पण सिग्नेट रिंग म्हणजे वाईटच असं शिकवतात ना?

शल्यक:
अर्धंच शिकवतात. म्यूकोसापुरती (जठराच्या आतल्या अस्तरापुरती) मर्यादित असताना सिग्नेट रिंग इतर प्रकारांपेक्षा वाईट वागत नाही. खोल गेल्यावर, नोड आणि पेरिटोनियम गाठल्यावर वाईट. तिथंही स्टेजच आधी.

गोदाखोरं:
थोडा वेगळा सूर लावतो. 'प्रोग्नॉस्टिक' आणि 'प्रेडिक्टिव्ह' हे दोन शब्द रिपोर्ट लिहिणारे आणि वाचणारे दोघंही एकाच पोत्यात भरायलेत. औषध दिलं किंवा नाही दिलं तरी जो रोगाचा कल सांगतो तो प्रोग्नॉस्टिक. अमुक औषध लागू पडेल का हे सांगतो तो प्रेडिक्टिव्ह. हर-२ हे ठळक उदाहरण. हर-२ पॉझिटिव्ह रुग्ण जास्त जगतात की कमी, यावर अभ्यास एकमेकांशी भांडतात. पण ट्रास्टुझुमॅब (हर-२ वरचं औषध) देता येतं की नाही यावर भांडण नाही. २०१० च्या टोगा चाचणीत नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य ११.१ महिने होतं, ट्रास्टुझुमॅब जोडल्यावर १३.८. ज्यांच्यात हर-२ खरोखर जोरात होतं, म्हणजे ३+ किंवा २+ आणि फिश (जीनच्या प्रती मोजायची तपासणी) पॉझिटिव्ह, त्यांच्यात ११.८ विरुद्ध १६.

मध्यक म्हणजे अर्धे त्याआधी, अर्धे त्यानंतर. "डॉक्टरनी १६ महिने सांगितले" असं घरी जाऊन सांगितलं जातं, ते चूक.

केमोवाला:
गोदाखोरं यांच्याशी सहमत. नमुन्याचा रिपोर्ट ओळीओळीनं घेतो.

हर-२ १+ म्हणजे निगेटिव्ह. फिश करायची गरज नाही, फिश फक्त २+ ला. ३+ ला थेट औषध. पुअरली डिफरन्शिएटेड आणि डिफ्यूज (पेशी सुट्या पसरणाऱ्या) प्रकारात हर-२ मुळातच कमी सापडतं. टोगाच्या तपासणीत इंटेस्टायनल (ग्रंथी बनवणाऱ्या) प्रकारात सुमारे ३२ टक्के, डिफ्यूजमध्ये सुमारे ६. त्यामुळं १+ पाहून आश्चर्य नको. फक्त तुकडे किती होते हे विचारा.

हुरडापार्टी:
फिश गुरुवारी चालते का सर? घरी चालत नाही म्हणून विचारलं.

केमोवाला:
चालते. एकादशीलाही. 🙂 हर-२ आणि सेंट्रोमियर १७ (सतराव्या गुणसूत्राचा मधला भाग) यांचं गुणोत्तर २ किंवा जास्त आलं की पॉझिटिव्ह, वाराचा संबंध नाही.

गुलाबी_ईओसिन:
तुकड्यांचा मुद्दा वाढवते, कारण अर्धी चूक तिथंच होते.

जठरात हर-२ सगळ्या गाठीत सारखं नसतं. एका कोपऱ्यात गडद, शेजारी कोरं. म्हणून ६ ते ८ तुकडे हवेत, अल्सरच्या कडेवरून. मधल्या खड्ड्यातून घेतले तर मेलेल्या पेशी आणि पू येतो. बायोप्सीत मोजायचा नियमही स्तनाच्या कॅन्सरपेक्षा वेगळा: निदान ५ गाठपेशींचा एक पुंजका रंगला तरी तो धरायचा, टक्केवारी बघायची नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या जठरात मात्र १० टक्के पेशी रंगायला हव्यात. पेशीच्या चारही बाजू रंगल्या पाहिजेत हा स्तनाचा नियम इथं लावू नका. जठरातली ग्रंथीपेशी वरच्या तोंडाला रंग घेत नाही, खालून आणि बाजूनं घेते, यू आकारात. स्तनाच्या सवयीनं वाचलं तर ३+ ला २+ म्हणून मोकळं होता येतं.

आणि एक हातखंडा युक्ती: कमी पॉवरला, २.५ किंवा ५ च्या लेन्सखालीच रंग डोळ्यात भरला तर ३+. १० किंवा २० लागला तर २+. ४० लावून डोळे बारीक करावे लागले तर १+.

मांजराकाठ:
मॅडमनी वाचायचं सांगितलं. तुकडा टेबलावर यायच्या आधी काय होतं ते मी सांगतो, लॅबवाल्याच्या बाजूनं.

एक. तुकडा टिकवायला डबीत काय भरलंय ते बघा. दुकानातून आणलेलं ४० टक्क्याचं फॉर्मालिन नळाच्या पाण्यात मिसळून चालत नाही. कालांतरानं त्यात फॉर्मिक आम्ल होतं, तुकड्यावर तपकिरी कण बसतात आणि आयएचसीचा रंग फसतो. बफर घालूनच करायचं: फॉर्मालिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास यायला पाहिजे. जारचं पाणी वापरू नका, प्रत्येक प्लांटचं पाणी येगळं. बोअरचं तर नकोच, आमच्याकडच्या बोअरचं पाणी म्हणजे चुनाच. ते हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकाचा रंग) निळं करायला मात्र झकास, तिथं क्षार कामाला येतात.

दोन. तुकड्याच्या दहापट फॉर्मालिन. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत तुकडे कोंबून वर थेंबभर ओतलेलं नको. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये आला तर मार्करचं नाव काढू नका.

तीन. वेळ. फॉर्मालिनमध्ये ६ तासापेक्षा कमी नको, ७२ पेक्षा जास्त नको. शनिवारी दुपारी एसटीच्या पार्सलनं टाकलेली डबी सोमवारी सकाळी निघाली तर बसतं. मधी पोळा आला, मंगळवारी दुपारनंतर निघाली, की गेलं.

चार. उन्हाळा. तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक वितळतो ५६ ते ६० ला, पण मऊ त्याच्या बराच आधी पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवला तर वरचा थर बसतो आणि कापताना तुकडा वाकडा निघतो. थर्मोकोलच्या डब्यात, गार जेल पॅक घालून, पण ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पाठवायचा.

पाच. लाइट. टिश्यू प्रोसेसर (तुकड्यातलं पाणी काढून मेण भरायचं मशीन) रात्री लावला आणि मधीच लाइट गेली, तर तुकडा ज्या भांड्यात असंल तिथंच बसून राहतो. लाइट आल्यावर मशीन पुढचं चालू करतं, कुणाला पत्ता लागत नाही. बारका तुकडा गरम मेणात जास्त वेळ राहिला की ठिसूळ होतो, ब्लेडखाली भुगा. इन्व्हर्टर नुसता फ्रीजला नाही, प्रोसेसरला लावा.

जेआर_दोन:
अँटिजेन रिट्रिव्हल (झाकलेलं प्रथिन उष्णतेनं मोकळं करणं) कुकरमध्ये चालतं का? ऑटोमेटेड मशीन नसेल तर?

मांजराकाठ:
चालतं की. चार्ज्ड स्लाइडवर ३ ते ४ मायक्रॉनचा काप, ६० अंशाला तासभर वाळवलेला. बफर त्या अँटिबॉडीच्या कागदावर लिहिलेला घ्या, सायट्रेट पीएच ६ किंवा ट्रिस-ईडीटीए पीएच ९. उकळत्या बफरमध्ये स्लाइडा सोडायच्या, मिनिटं पूर्ण प्रेशर आल्यापासून मोजायची, चूल पेटवल्यापासून नाही. आणि नळाखाली धरून गार करायची घाई नको. त्याच बफरमध्ये २० मिनिटं आपोआप गार होऊ द्यायचं, नाहीतर काप स्लाइड सोडून तरंगतो.

हुरडापार्टी:
किती शिट्ट्या?

मांजराकाठ:
तुरीच्या डाळीएवढ्या नकोत. शिट्टी झाली की वाफ गेली, प्रेशर बदललं. शिट्टी व्हायच्या आधी आच कमी.

बिंदुसरा:
धागा कुकरवर गेला. पीडी-एल१ सीपीएस ४ चं काय? ५ च्या आत आहे म्हणून इम्युनोथेरपी नाही, असं सरळ आहे का?

गुलाबी_ईओसिन:
सीपीएस कसा निघतो ते बघा, मग ४ आणि ५ मधलं अंतर कळेल. वर रंगलेल्या गाठपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (या प्रतिकारपेशी) यांची बेरीज. खाली एकूण जिवंत गाठपेशी, किमान १०० असल्याच पाहिजेत. भागाकाराला १०० नं गुणायचं. समजा २०० गाठपेशी आहेत. त्यातल्या २ रंगल्या, भोवतीच्या ६ लिम्फोसाइट-मॅक्रोफेज रंगल्या. ८ भागिले २००, सीपीएस ४. आता शेजारच्या आणखी दोन लिम्फोसाइट "गाठीला लागून आहेत" असं दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला वाटलं, की १० भागिले २००, झाला ५. न्यूट्रोफिल, प्लाझ्मा पेशी आणि नेक्रोसिस (मेलेला भाग) मोजायचं नसतं. अल्सरच्या तळातल्या तुकड्यात नेमकं तेच भरलेलं असतं.

केमोवाला:
२०२१ च्या चेकमेट ६४९ मध्ये निव्होलुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) अधिक केमो, सीपीएस ५ आणि वर, मध्यक आयुष्य १४.४ महिने विरुद्ध नुसत्या केमोवर ११.१. म्हणून ५ ची रेघ पडली. पेम्ब्रोलिझुमॅबच्या (तशाच औषधाच्या) कीनोट ८५९ चाचणीत १ ची रेघही बघितली. त्यामुळं ४ वाल्याला "दार बंद" असं सांगू नये. फायदा कमी असण्याची शक्यता आणि खर्च दोन्ही समोर ठेवून बोलावं. आणि हे मेटास्टॅटिक (दूर पसरलेल्या) रोगाबद्दल झालं. शस्त्रक्रिया होण्याजोग्या रोगात आजही पाया एफएलओटीचा (चार केमो औषधांच्या जोडणीचा): शस्त्रक्रियेआधी चार, नंतर चार, दर दोन आठवड्यांनी. २०१९ च्या चाचणीत मध्यक ५० महिने, जुन्या केमोवर ३५. तिथं सीपीएस विचारून थांबायचं नाही.

गोदाखोरं:
एमएमआर शाबूत म्हणून ती ओळ सगळ्यांनी ओलांडली. माझ्या मते प्रोग्नॉस्टिक म्हणावा असा खरा मार्कर तोच.

गुलाबी_ईओसिन:
बरोबर पकडलंत. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. जोड्या लक्षात ठेवा. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ ही जातं, कारण जोडीदाराशिवाय ते टिकत नाही. तसंच एमएसएच२ सोबत एमएसएच६. एकटं पीएमएस२ गेलं तर एमएलएच१ शाबूत दिसतं. आणि 'गेलं' म्हणायच्या आधी त्याच तुकड्यातल्या लिम्फोसाइटची केंद्रकं रंगलीत का बघा. तीही कोरी असतील तर फिक्सेशन फसलंय, प्रथिन नाही.

२०१४ च्या टीसीजीए (कॅन्सर जीनोमच्या) अभ्यासात जठराच्या २९५ गाठी चार गटांत वाटल्या: ईबीव्हीच्या (एपस्टाइन-बार विषाणू असलेल्या) ९ टक्के, एमएसआय (एमएमआर बिघडलेल्या) २२, जीनोमिकली स्टेबल (जीनोम फारसा न विस्कटलेल्या) २०, क्रोमोझोमल अस्थिरतेच्या ५०. पुअरली डिफरन्शिएटेड हा शब्द यातल्या कुणालाही लागू होऊ शकतो, गंमत तिथं आहे. लिम्फोसाइटनी गच्च भरलेली, चादरीसारखी वाढलेली ईबीव्हीची गाठ दिसायला भयंकर, वागायला बरी. सुट्या पेशींची डिफ्यूज गाठ दिसायला गरीब, वागायला वाईट. लिम्फोसाइटांची गर्दी दिसली की ईबर इन-सिटू हायब्रिडायझेशन (पेशीतला ईबीव्ही शोधायची तपासणी) मागावं.

केमोवाला:
एमएसआय-हाय रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरचा कल चांगला असतो. मॅजिक चाचणीच्या २०१७ च्या फेरतपासणीत तर त्यांना नुसती शस्त्रक्रिया केमो जोडण्यापेक्षा बरी दिसली. संख्या लहान होती हे खरं. २०२२ च्या निओनिपिगा चाचणीत शस्त्रक्रियेआधी निव्होलुमॅब-इपिलिमुमॅब दिल्यावर २९ पैकी १७ जणांच्या काढलेल्या जठरात गाठ उरलीच नव्हती. म्हणून एमएमआर पहिल्या तुकड्यावर, पहिल्या केमोच्या आधी. नंतर केलं तर माहिती मिळते, संधी नाही.

जेआर_दोन:
ई-कॅधरिन (पेशी एकमेकींना धरून ठेवणारं प्रथिन) का सांगितलं नाही कुणी? डिफ्यूजमध्ये तेच जातं ना?

गुलाबी_ईओसिन:
जातं. पण तुकड्यात गेलेलं दिसलं म्हणून आनुवंशिक ठरत नाही, बहुतेकदा ते गाठीपुरतंच असतं. सीडीएच१ ची, म्हणजे ई-कॅधरिनच्या जीनची, तपासणी रक्तावर. ५० च्या आत डिफ्यूज प्रकार झाला, किंवा घरात जठराचा डिफ्यूज आणि स्तनाचा लोब्युलर कॅन्सर दोन्ही आहेत, तर करायची. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबात हा जीन पकडला गेला. इथं "घराण्यात पोटाचं दुखणं आहे" एवढंच सांगितलं जातं, तर प्रत्येकाचं वय आणि अवयव विचारून लिहून घ्या.

आणि पुअरली डिफरन्शिएटेड म्हटल्यावर आधी ते कार्सिनोमाच आहे याची खात्री. पॅनसायटोकेरॅटिन कार्सिनोमासाठी, एलसीए लिम्फोमासाठी, सिनॅप्टोफायसिन न्यूरोएंडोक्राइनसाठी. लिम्फोमाचा अंदाज आणि उपचार दोन्ही वेगळे. बाईच्या जठरात सुट्या पेशी असतील तर स्तनाचा लोब्युलर आलाय का यासाठी गाटा३ आणि ईआर हे मार्कर.

शल्यक:
रक्तातल्या मार्करांचं कुणी विचारलं नाही पण लोक दर महिन्याला करतात म्हणून: सीईए आणि सीए १९-९ निदानाला नाहीत. आधी वाढलेले असतील तर पाठपुराव्याला उपयोग. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यात सीईए तसंही वाढतं, काविळीत सीए १९-९. आणि लुईस निगेटिव्ह रक्तगटाच्या माणसाच्या अंगात सीए १९-९ तयारच होत नाही, त्याचं 'नॉर्मल' फुकट. एएफपी मात्र बरंच वाढलेलं असेल तर यकृताकडं नीट बघा, तो प्रकार वाईट.

बिंदुसरा:
हिशेब लागला. केआय-६७ आणि पी५३ वरून काही बोलायचं नाही, हर-२ आणि सीपीएस औषधासाठी, एमएमआर दोन्हीसाठी, आणि "किती दिवस" ला उत्तर स्टेज आल्याशिवाय द्यायचं नाही. मग नमुन्याच्या रिपोर्टात राहिलं काय?

केमोवाला:
क्लॉडिन १८.२, पेशीच्या पडद्यावरचं एक प्रथिन. हर-२ निगेटिव्ह आणि रोग पसरलेला असेल तर हे मागायलाच हवं. ७५ टक्के किंवा जास्त गाठपेशींचा पडदा मध्यम ते गडद रंगला तर पॉझिटिव्ह. २०२३ च्या स्पॉटलाइट चाचणीत झोल्बेटुक्सिमॅबनं (क्लॉडिनवरच्या औषधानं) मध्यक १५.५ वरून १८.२ महिन्यांवर नेला. तेच प्रथिन निरोगी जठरातही असतं, म्हणून पहिल्या डोसला उलट्या जोरात होतात, उलटीची औषधं आधी द्यायची आणि थेंब सावकाश सोडायचे.

मांजराकाठ:
पण तुकडा उरलाय का ते आधी इचारा. हर-२, चार एमएमआर, पीडी-एल१, पी५३, केआय-६७, आठ स्लाइडा तर गेल्याच. दरवेळी ब्लॉक मशीनला लावला की समपातळीवर आणायलाच चार-पाच काप वाया जातात. पहिल्याच दिवशी दहा कोऱ्या स्लाइडा कापून ठेवल्या तर हे टळतं, फक्त सहा आठवड्यांत वापरायच्या. आणि केआय-६७, पी५३ कमी केलं तर दोन स्लाइडा तिथंच वाचत्यात.

बिंदुसरा:
ब्लॉक मागवायच्या चिठ्ठीवर नेमकं काय लिहायचं?

गुलाबी_ईओसिन:
"मूळ बायोप्सी क्रमांक अमुक, गाठ असलेला पॅराफिन ब्लॉक द्यावा, सोबत एक एच अँड ई स्लाइड आणि मूळ रिपोर्टची प्रत. तुकडा फॉर्मालिनमध्ये घातल्याची तारीख आणि वेळ. केमो झाली आहे की नाही. क्लॉडिन १८.२ पहिल्यांदा करावं, तुकडा उरल्यास बाकी." शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर कुणीतरी आधी केआय-६७ पुन्हा करून ठेवतं.

हुरडापार्टी:
आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.